झाकण आतून लागलं, असं काका सांगायचे

सर्जेराव काका गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या खुर्चीत एक पेशंट तोंड उघडं ठेवून बसला होता. फोन संदीपचा होता, काकांच्या मुलाचा. "ताई, बाबा गेले. झोपेतच," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि हातातलं दाढ भरायचं काम पुरं केलं. पेशंट गेल्यावर हात धुताना आरशात पाहिलं, तर माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. होता तो राग. काका माझ्या वडिलांचे जिवलग मित्र, माझ्या आईचे मानलेले भाऊ, आणि मला कळायला लागल्यापासून माझ्यासाठी वडिलांच्या जागी असलेला माणूस. त्यांचं आणि माझं एक बोलणं अर्धवट राहिलं होतं आणि ते त्यातून उठून निघून गेले होते. आता उरलेलं विचारायचं कुणाला?

सांगलीहून रहिमतपूरला निघाले. आईला शिराळ्याला फोन करून सांगितलं होतं. ती म्हणाली, "तू जाऊन ये. मी न्हाई येत." कराडच्या अलीकडे हमरस्त्याला एक भलाथोरला फलक लागलेला होता. त्यावर युद्धनौका, मागे ज्वाळा, वर हेलिकॉप्टर, आणि मधोमध छाती काढून उभा राहिलेला नट. नौदलाची ती मालिका परत आली होती, नवा सीझन सुरू होता. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती पाहिली असेल आणि उरलेल्यांना माझ्यामुळे ती पाहावीशी वाटू नये. त्या फलकाखालून गाडी पुढे गेली तेव्हा मला वाटलं, हे लोक काकांच्या अंत्ययात्रेलाही आडवे आले.

आमच्या भागातून फौजेत जाणारी पोरं रगड. घरटी एक तरी. पण समुद्रावर जाणारी विरळा. माझे वडील, विलास, शिराळ्याजवळचे, आणि सर्जेराव काका रहिमतपूरचे. दोघांची गाठ कोल्हापूरला भरतीच्या रांगेत पडली. दोघांनाही पोहता यायचं ते विहिरीत शिकलेलं. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. काका सांगायचे, "पयल्यांदा समुद्र बघितला तवा तुजा बा म्हनला, सर्जा, ह्येला काठच न्हाई की रं. आता बुडालो तर धरायचं कशाला?" दोघांची नेमणूक एकाच जहाजावर, एकाच इंजिनखात्यात झाली. सुट्टीसुद्धा दोघं मिळून काढायचे. आधी रहिमतपूरला उतरायचे, काकांच्या आईच्या हातची भाकरी खाऊन वडील पुढे शिराळ्याला यायचे. मला वडील आठवतात ते तसे थोडेच... पांढरा गणवेश, दाढीचा खरखरीत गाल, आणि मला खांद्यावर घेऊन ते वाजवायचे ती एक शिट्टी. बाकीचे वडील मला काकांनी दिले. त्यामुळेच हा लेख लिहिणं अवघड आहे.

मी पहिलीत होते तेव्हा जहाजाच्या इंजिनरूममध्ये आग लागली आणि वडील गेले. नौदलाकडून कळवलं गेलं ते मोजक्या शब्दांत, कर्तव्यावर असताना आगीत मृत्यू. शवपेटी बंद होती, उघडायची नाही असं सांगितलेलं. पेटीबरोबर काका आले होते, दोन्ही हातांना बँडेज. आमच्या दारात अख्खं गाव जमलेलं, आणि सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं, "वहिनी, विलासनं आमाला समद्यांला वर ढकललं. आन् आग वर याला नगो म्हनून आतनं झाकण लावून घेतलं. जाताना म्हनला, पोरीला शिकवा म्हणावं." झाकण म्हणजे खालच्या खोलीत उतरायच्या भोकावरचं जाडजूड लोखंडी दार. त्याला मधोमध एक चाक असतं, ते फिरवलं की दार घट्ट बसतं. काका त्याला कायम झाकणच म्हणायचे. गावात ही गोष्ट दुसऱ्या दिवसापर्यंत घराघरांत गेली. शाळेच्या पटांगणातल्या रंगमंचाला वडिलांचं नाव दिलं गेलं. मी शाळेत जायची तर मास्तर नव्या मुलांना सांगायचे, हिच्या बाबांनी आतून दार लावून घेतलं.

आईला सख्खा भाऊ नव्हता. शिराळ्यात नागपंचमी म्हणजे वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. आदल्या दिवशी बायका भावासाठी उपवास धरतात. वडील गेले त्या वर्षी काका आले आणि आईने त्यांच्यासाठी उपवास धरला. तेव्हापासून "वहिनी"ची "ताई" झाली आणि काका तिचे "दादा". मग एकही नागपंचमी काकांनी चुकवली नाही. नोकरीत असताना रजा काढून, निवृत्त झाल्यावर एसटीने, गर्दीतून वाट काढत, आलेपाकाच्या वड्यांचा पुडा घेऊन ते यायचे. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून आई पुरणाची दिंडं करते. काका ती दुधात कुस्करून खायचे आणि जेवून झालं की मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची. "काका, झाकण सांगा." ते सांगायचे. त्यांच्या तळहातांची कातडी भाजून गुळगुळीत झालेली, रेषाच नसलेली. झाकण उघडायला गेलो तवा भाजलं, असं त्यांनी सांगितलेलं. थंडीत त्या हातांना भेगा पडायच्या, तेव्हा मी त्यांना खोबरेल तेल चोळायची. ते सांगत असायचे, मी चोळत असायची.

"पोरीला शिकवा" या दोन शब्दांवर माझं आयुष्य उभं आहे, हे मी कौतुकाने म्हणत नाही, तसंच घडलं आहे. मी दहावी झाले तेव्हा माझ्या चुलत्यांनी स्थळ आणलं होतं. चांगलं, बागायतदार घर. आई सगळ्या भावकीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तिच्या बाचा शब्द हाय." स्थळ परत गेलं. मेलेल्या माणसाच्या शेवटच्या शब्दाला कोण आडवं जाणार? मला बारावीला कंटाळा यायचा, कॉलेजात पहिल्या वर्षी सोडून द्यावंसं वाटायचं, तेव्हा मी डोळे मिटून ती खोली समोर आणायची. आग, धूर, आणि त्यात उभे राहून माझं नाव घेणारे माझे वडील. मी दंतवैद्य झाले. दवाखान्याच्या उद्घाटनाला काका आले, पहिल्यांदा खुर्चीवर तेच बसले. "डॉक्टरीणबाई, बघा आमचं तोंड," म्हणाले, आणि मग त्यांना रडू आलं. मला वाटलं, आनंदाने.

मालिका आली ती चार-पाच वर्षांपूर्वी. संदीप पुण्यात असतो, त्याच्या ओळखीतला एक तरुण लेखक त्या मालिकेवर काम करत होता. जहाजावरचं आयुष्य समजून घ्यायला त्या लोकांना जुने नाविक हवे होते. काका पुण्याला गेले, चार दिवस राहिले, बोलले, आणि परत आले ते डोक्यावर निळी टोपी घालून. प्रत्येक भागाच्या शेवटी सल्लागार म्हणून त्यांचं नाव झरकन येऊन जायचं. ते वाचता यावं म्हणून रहिमतपुरात त्यांच्या घरी गल्ली जमायची. मालिका तशी बरी होती, धडाकेबाज. शत्रूच्या बोटी, समुद्रात उड्या, स्फोट. काका लहान मुलासारखे बघायचे, मुठी आवळून. "खोटं हाय गं समदं," मला फोनवर सांगायचे, "पन बघाय लय ग्वाड वाटतंय." त्या पहिल्या सीझनमध्ये आगीचा प्रसंग नव्हता. मी एकदा विचारलंही, बाबांची गोष्ट नाही सांगितली त्यांना? ते म्हणाले, "ती तुमच्या घरातली हाय. ती कशाला सांगू?"

यंदा आषाढात नवा सीझन येणार म्हणून जाहिराती सुरू झाल्या. आई तेव्हा माझ्याकडे सांगलीत होती, मोतिबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. काकांचा फोन आला. "डॉक्टरीणबाई, यंदाचं काय बघू नगा. खास न्हाई म्हनत्यात. आन् ताईंच्या डोळ्याला बी ताण नगो." मी हसून सोडून दिलं. मग एका सकाळी ते न सांगता दवाखान्यात हजर झाले. दात दुखतोय म्हणाले. मी तपासलं, दुखण्यासारखं काही नव्हतं. खुर्ची सरळ केली तरी उठेनात. "काका, काय झालं?" तर म्हणाले, "काय न्हाई. तुज्या हातात बरं वाटतंय." बाहेर दोन पेशंट थांबले होते. तासभर ते तसेच बाकावर बसून राहिले, पाणी प्याले, घरी चला म्हटलं तर नको म्हणाले, आणि पॅसेंजर गाडीच्या वेळेला निघून गेले. आज कळतं की ते सांगायला आले होते. सांगितलं नाही. त्याआधी सगळी वर्षं सांगितलं नव्हतं, तसंच त्या दिवशीही नाही.

मालिका आम्ही अर्थातच पाहिली. काकांचं नाव येतं म्हणून आईला कौतुक. पहिले दोन भाग लढाईचे. तिसऱ्या भागात दोन नवे नाविक आले, एकाच जिल्ह्यातले मित्र, आमच्याकडच्यासारखे बोलणारे. एक दुसऱ्याला म्हणतो, ह्याला काठच नाही, बुडालो तर धरायचं कशाला... आई हसली. "हे आपल्या दादांनी दिलेलं दिसतंय," म्हणाली. मग इंजिनरूममध्ये तेल उडालं, आग लागली. माणसं शिडीवरून वर आली. एक जण खाली राहिला. वर अधिकाऱ्याने हुकूम दिला की झाकण बंद करा, शेजारी दारूगोळ्याचं कोठार आहे. आणि त्या मित्राने, वर आलेल्या मित्राने, झाकण खाली टाकलं आणि चाक फिरवलं.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडे बघतच विचारलं, "हे झाकण भायेरनं लागतंय व्हय?"

ती उठली आणि आत स्वयंपाकघरात गेली. मी पुढचं बघितलं. आतून ठोकायचा आवाज. नट कानावर हात ठेवून बसतो. मग रेल्वेचा डबा, शवपेटी, आणि तो मित्र पेटीशेजारी बसून स्वतःशी वाक्यं जुळवतो. आतून लावून घेतलं म्हणू? हो. शेवटी काही बोलला म्हणू? काय बोलला? मग गाव, दार, फ्रॉक घातलेली मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी, आणि तो म्हणतो, "पोरीला शिकवा म्हणाला."

तो फ्रॉक पिवळा होता. माझाही पिवळाच होता. हे त्यांना कुणी सांगितलं, याचा विचार करायची मला गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून मी रहिमतपूरला गेले. आई येते का विचारलं तर म्हणाली, "माझे डोळे दुखत्यात." काका अंगणात पोत्यावर बसून आल्याचं बेणं निवडत होते. मला बघितलं आणि हातातलं आलं खाली ठेवलं. मालनकाकी पाणी घेऊन आल्या, त्यांना काकांनी डोळ्यांनीच आत जायला सांगितलं.

"खरं आहे का काका?"

"हाय."

एवढा एक शब्द. मी रस्त्यात खूप काही जुळवत आले होते, ते सगळं त्या शब्दाने आडवं झालं. मग ते हळूहळू बोलले. हुकूम आला होता. जहाजावर इतकी माणसं होती, कोठाराची भिंत तापत चालली होती. झाकण लावून आत वायू सोडला की आग विझते, त्याला दुसरा इलाज नव्हता. हुकूम चुकीचा नव्हता, असं ते दोनदा म्हणाले. "दुसऱ्या कुनी लावलं आसतं तर बरं झालं आसतं. पन चाकापाशी मीच हुतो."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत? आणि त्यांना का सांगितलंत?"

ते म्हणाले, पहिला सीझन गाजला, पुण्यात जेवण ठेवलं होतं. त्या लेखकाने सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडून आशीर्वाद मागितला. मग दोघंच बसले होते तेव्हा त्याने विचारलं, काका, तुमचे हात कशाने भाजले? "इतक्या वर्सांत मला कुनी विचारलंच न्हवतं गं. तुमाला मीच सांगितल्यालं, म्हनून तुमी विचारलं न्हाई. त्यानं विचारलं आन् सुटलंच तोंड. लय रडलो. तो बी रडला. म्हनला, काका, हे तुमच्या-माज्यात ऱ्हाईल."

"आणि राहिलं नाही."

"मी त्येला फोन केला. ह्ये काढा म्हनलं. तर म्हनला, नावं बदलल्यात, गाव बदललंय, कुनाला कळनार न्हाई. मग फोनच उचलंना."

मला त्यांची कीव यायला हवी होती. त्यांनाही कुणीतरी फसवलं होतं. पण मला त्या वेळी एवढंच दिसत होतं की एका परक्या पोरासमोर हे रडले, आणि ज्यांच्या घरी दर नागपंचमीला दिंडं खाल्ली त्यांच्यासमोर कोरडे राहिले. मी विचारलं, "आणि 'पोरीला शिकवा'? ते तरी?"

त्यांनी खाली ठेवलेलं आलं परत उचललं. "ते मी बोललो. त्यो न्हाई."

"मग बाबा काय म्हणाले?"

"काय म्हनला ते कळालं न्हाई. लोखंड जाड आसतंय पोरी."

मी उठले. काकी चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्यांच्या हातातला कप तसाच राहिला. गाडीपर्यंत काका मागून आले. "ताई काय म्हनल्या?" मी सांगितलं, तिने विचारलं, झाकण बाहेरून लागतं का. ते तिथेच थांबले. मी गाडी वळवली तेव्हाही तिथेच उभे होते.

नागपंचमी आली. आईने आदल्या दिवशी उपवास केला नाही. मी शिराळ्याला गेले होते. पण सणाच्या दिवशी सकाळी उठून बघते तर ती पुरण शिजवत होती. दुपारी बाहेर मिरवणुकीचे ढोल वाजत होते आणि दारात काका उभे. हातात नेहमीचा पुडा, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकेनात. मला वाटलं होतं ते येणार नाहीत. आईला बहुतेक तसं वाटलं नव्हतं. तिने पाट मांडला, ताट वाढलं. "बसा," म्हणाली. ते बसले. जेवायला हात लावणार तेवढ्यात ती समोर बसली आणि म्हणाली, "दादा, आदी सांगा. पयल्यापासनं. टीव्हीतलं नगो, आन् दारात सांगितल्यालं बी नगो."

आणि त्यांनी सांगितलं. मला अंगणात सांगितलं होतं तेच, तसंच. ते थांबले तेव्हा आईने विचारलं, "त्यो आतनं ठोकत हुता तवा तुमी काय करत हुता?"

काकांनी दोन्ही हात उताणे करून ताटाशेजारी ठेवले. "ताई, झाकणाला चाक दोन्ही अंगांनी आसतंय. आतनंबी उघाडतंय. त्यो आतनं फिरवत हुता." ते थांबले. मग म्हणाले, "मी भायेरनं धरून ठेवलं. लोखंड तापलं तरी सोडलं न्हाई. त्यानं फिरवायचं थांबवलं, तवर धरून हुतो. ह्ये त्या टीव्हीवाल्या पोराला बी सांगितलं न्हाई. कुनालाच न्हाई."

बाहेर ढोल चालूच होते. ज्या हातांना मी तेल चोळलं होतं ते माझ्यासमोर पडले होते.

आई म्हणाली, "हुकूम हुता म्हनून धरलं?"

"व्हय." मग हातांकडे बघत, "आन् भ्या वाटलं. उघाडलं तर समोर त्यो दिसंल, ह्येचं."

आईने दुधाची वाटी त्यांच्या ताटाजवळ सरकवली. "जेवा," म्हणाली. ते जेवले. कसे जेवले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक, पण ताट पुसून जेवले. हात धुऊन निघाले तेव्हा आईने पुडा परत त्यांच्या हातात दिला. "आता येऊ नगा दादा," म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ते वाकून तिच्या पाया पडले, वयाने मोठे असून, आणि गर्दीत शिरले. मी दारातून बघत होते. त्यांची पाठ दिसेनाशी झाली. ती शेवटची.

गणपती उठल्यावर थोड्याच दिवसांनी ते गेले. मी अंत्यविधीला गेले तर त्या मालिकेकडून मोठं पुष्पचक्र आलेलं होतं, लेखक मात्र आला नव्हता. त्यांनी शेवटच्या भागाला काकांचा फोटो दाखवून आदरांजली वाहिली म्हणे. मला एका वाहिनीवरून फोन आला, अतिशय गोड आवाजात, "मॅडम, ती मुलगी तुम्हीच ना? तुमची प्रतिक्रिया हवी होती." मी फोन ठेवला. आमच्या गावानेही तो भाग ओळखला होता, एकाने आईला विचारलं, शाळेच्या रंगमंचावरचा मजकूर बदलायचा का. त्यावर लिहिलंय की वडिलांनी स्वतः दार लावून घेतलं. आईने त्याला चहा देऊन वाटेला लावलं. मग मी विचारलं, हे सगळं मी लिहू का? ती म्हणाली, "लिही. टीव्हीवाल्यांनी अर्धं दाखवलंय. तू दादांनी सांगितलं तेवढं समदं लिही. वरचं काय घालू नगंस."

म्हणून लिहिते आहे. लोक मला समजावतात. कुणी म्हणतं, त्यांच्या खोट्यामुळे तू शिकलीस. कुणी म्हणतं, किती सोसलं असेल बिचाऱ्याने. दोन्ही खरं आहे. पण माझ्या वडिलांचा एकच शेवटचा क्षण होता, आणि तो काकांनी माझ्यापासून काढून घेतला आणि त्या जागी दुसरा दिला, सुंदर, मला पुरेल असा. मी तो आयुष्यभर वापरला. आता तो माझ्याकडे नाही आणि खरा सहन होत नाही. ज्याने हे केलं त्याच्याइतकी माया माझ्यावर दुसऱ्या कुणी केली नाही. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळत नाहीत. मी प्रयत्न करून पाहिला.

परवा आई आपणहून म्हणाली, रहिमतपूरला जाऊन येऊ, काकी एकटीच असंल. आम्ही गेलो. दुपारची वेळ. काकी दोघींच्या गळ्यात पडून रडल्या, मग आम्हाला माजघरात बसवलं. कोपऱ्यात टीव्ही, समोर काकांची खुर्ची. बोलता बोलता काकी म्हणाल्या, "श्रावणापास्नं एकच चाललं हुतं. दुपारी जेवलं की त्योच भाग लावायचे. दोगं गडी हसत्यात, कामं करत्यात, तितपर्यंत बघायचे. आग लागली की बंद करायचे. झाकणापर्यंत कवा जाऊच दिलं न्हाई. रोज. मी म्हनायची, किती बगता, तर म्हनायचे, आजून त्यो वर याचा हाय."

बोलता बोलता त्यांनी सवयीने टीव्ही लावलाच. तोच भाग आला. दोन पोरं इंजिनाशेजारी बसून एका डब्यातून खात होती, एकमेकांना टपल्या मारत होती. आम्ही तिघी बघत बसलो. तेल उडालं, ज्वाळा उठल्या. काकींनी रिमोट उचलला.

आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वहिनी. चालू द्या."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. झाकण खाली आलं, चाक फिरलं, आणि आतून ठोकायला सुरुवात झाली. आईने डोळे मिटले नाहीत. आवाज थांबेपर्यंत आम्ही तिघी तिथेच बसून होतो.